'सॉरी, राँग नंबर': आधी रेडिओ ऐका, मग सिनेमा बघा

तुम्ही लिहिलंय की 'सॉरी, राँग नंबर' हा जुना अमेरिकन सिनेमा अर्धा बघून सोडला, फ्लॅशबॅकमध्ये फ्लॅशबॅक सुरू झाल्यावर काही कळेना, तर पुढे बघावा का. बघाच, पण माझं ऐकाल तर सध्या तो बाजूला ठेवा आणि ज्या रेडिओ नाटकावरून तो निघाला ते आधी ऐका. अर्ध्या तासाचं काम आहे.

ल्युसिल फ्लेचर यांनी लिहिलेली ही श्रुतिका अमेरिकेत सीबीएस रेडिओच्या 'सस्पेन्स' मालिकेत मे १९४३ मध्ये पहिल्यांदा लागली आणि अभिनेत्री ॲग्नेस मूरहेडने ती जवळजवळ एकटीने पेललीय. न्यूयॉर्कमध्ये एक आजारी बाई रात्री घरात एकटी अंथरुणात पडलीय, नवऱ्याच्या ऑफिसचा फोन सारखा एंगेज लागतोय म्हणून ती ऑपरेटरला जोडून द्यायला सांगते आणि क्रॉस कनेक्शन होऊन दोन माणसं आज रात्री सव्वाअकराला एका बाईचा खून कसा करायचा ते बोलताना तिला ऐकू येतात. सव्वाअकराच का, तर तेव्हा पुलावरून ट्रेन जाते, किंकाळी कुणाला ऐकू जाणार नाही. लँडलाइनवर मध्येच तिसऱ्याच कुणाचं तरी बोलणं ऐकू यायचं ते ज्यांना आठवतंय त्यांना इथेच धस्स होईल.

मग ती ऑपरेटरला सांगते, पोलिसांना सांगते, पण नाव नाही, पत्ता नाही, मग कोण काय करणार? डायल फिरल्याचा आवाज, एंगेज टोन, आणि मूरहेडचा आवाज हळूहळू चिडका, मग रडवेला, मग भेदरलेला होत जातो. तिला फोनपलीकडचं काही दिसत नाही आणि आपल्यालाही दिसत नाही, सगळी जादू त्यात आहे. पुढे मूरहेडने ही भूमिका रेडिओवर बरेचदा केली.

आता १९४८ चा सिनेमा. पटकथा फ्लेचर यांचीच, दिग्दर्शक अनातोल लिटवाक, आजारी बाई बार्बरा स्टॅनविक आणि तिचा नवरा बर्ट लँकेस्टर. अर्ध्या तासाची गोष्ट ८९ मिनिटांची करायची तर भर घालावीच लागणार, म्हणून नवऱ्याचा भूतकाळ, औषध कंपनीवाला श्रीमंत सासरा, नवऱ्याची जुनी मैत्रीण, कंपनीतला केमिस्ट असं सगळं आलं आणि त्यातला प्रत्येक जण फोनवरून आपापला तुकडा सांगतो. तुम्ही अडकलात ते इथेच. एक करा, कोण कोणाला सांगतंय त्याच्या मागे लागू नका, नवरा कुठे घसरत गेला तेवढं धरून ठेवा, बाकीचं आपोआप जुळतं. मला स्वतःला केमिस्टचा भाग लांबलेला वाटतो, पण ती मैत्रीण तिचा स्वतःचा नवरा शेजारच्या खोलीत आहे म्हणून घरून दबक्या आवाजात बोलते आणि मग बाहेर पडून पब्लिक बूथवरून परत फोन लावते तो तुकडा मी कितीही वेळा बघू शकतो.

आणि सिनेमाकडे रेडिओकडे नसलेली एक गोष्ट आहे, ते घर. कॅमेरा बाईला पलंगावर सोडून खोलीभर, जिन्यावर, अंधारात हिंडतो आणि केवढं मोठं घर आहे नि त्यात ती किती एकटी आहे ते एक शब्द न बोलता कळतं. सोल पोलिटोचं छायाचित्रण आहे, शक्यतो मोठ्या स्क्रीनवर बघा. स्टॅनविकला यासाठी ऑस्कर नामांकन होतं, मिळालं जेन वायमनला 'जॉनी बेलिंडा'साठी. मला आजही वाटतं की ते स्टॅनविकला मिळायला हवं होतं, कारण हेकेखोर, पैशाने सगळं विकत घेणाऱ्या बाईची भूमिका करून शेवटच्या दहा मिनिटांत ती आपल्याला तिच्या बाजूने पार उभं करते.

शेवट मुद्दाम सांगत नाही, आणि विकिपीडियावर कथानक वाचू नका प्लीज, एका ओळीत सगळं फुटतं. नाटक रात्री हेडफोन लावून, दिवे बंद करून ऐका, मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या आणि सिनेमा पहिल्यापासून लावा, सोडला तिथून नको. बघून झालं की इथेच लिहा, शेवटच्या फोनबद्दल मला तुमच्याशी सविस्तर बोलायचंय.