सुपरहिरो मालिकेत राक्षसाचा थरार, घरची नाती आणि प्रेमकथा यांचा तोल कसा साधतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ भागांच्या सुपरहिरो वेब सिरीजची वन-लाइन (प्रत्येक सीन एका ओळीत मांडलेला आराखडा) तयार आहे, पण राक्षसाचे सीन, घरातले सीन आणि प्रेमाचे सीन वाचताना तीन वेगवेगळ्या मालिका एकमेकींना चिकटवल्यासारख्या वाटतात. अमेरिकन मालिका हे कसं जमवतात?

बहुतेक जण तोल साधायचा म्हणून मिनिटं वाटून घेतात. इतकी राक्षसाला, इतकी घराला, उरलेली प्रेमाला. तुमचे तुकडे तिथेच सुटे पडले आहेत. राक्षसाच्या एकाच हल्ल्यानं घरात आणि प्रेमात दोन्हीकडे काहीतरी तुटलं किंवा उघडं पडलं पाहिजे. तसं झालं की मिनिटांचं गणित बरंचसं आपोआप सुटतं.

हे कसं करतात ते बघायला 'द फ्लॅश' या, अफाट वेगानं धावणाऱ्या नायकाच्या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या सीझनचा एकविसावा भाग, 'ग्रॉड लिव्ह्ज', उत्तम आहे. तो १२ मे २०१५ रोजी प्रसारित झाला. (पुढे कथा उघड केली आहे, त्याला इलाज नाही.) ग्रॉड म्हणजे माणसाच्या मनात शिरून त्याला ताब्यात घेणारा महाकाय गोरिला. १९५९ पासून तो कॉमिक्समध्ये आहे.

आधी मालिकेची मांडणी बघा, कारण अर्धं काम तिनंच केलंय. नायक बॅरी अ‍ॅलनची आई मारली गेली, वडील तुरुंगात गेले, आणि तो जो वेस्ट या पोलीस अधिकाऱ्याच्या घरी लहानाचा मोठा झाला. आयरिस ही जोची मुलगी, आणि बॅरीचं प्रेम तिच्यावरच आहे. तिचा प्रियकर एडी हा जोचा पोलिसातला जोडीदार. म्हणजे घर आणि प्रेमकथा एकाच जेवणाच्या टेबलाभोवती बसली आहे. बॅरी हाच फ्लॅश आहे हे जोला माहीत आहे, पुढे एडीलाही कळतं, आयरिसला मात्र कुणी सांगत नाही. तुमच्या कथेत नायकाची प्रेयसी ऑफिसात, आई-वडील गावी आणि राक्षस समुद्रात असेल, तर प्रत्येक भागात त्यांना एकत्र आणण्यासाठी योगायोग शोधत बसावं लागेल. पात्रं कमी करा आणि एका माणसाला दोन नात्यांत गुंतवा.

आता तो भाग. आधीच्या भागात आयरिसला स्वतःहून कळलंय की बॅरी फ्लॅश आहे, आणि त्याच भागात एडीला खलनायक उचलून नेतो. एकविसाव्या भागात ती बॅरीला आणि वडिलांना जाब विचारते. हे भांडण पेटलेलं असतानाच ग्रॉड भूमिगत गटारांत जोला पकडतो. इथे लेखकांनी केलेली निवड बारकाईनं बघा. ग्रॉड आयरिसला पळवत नाही, जोला पळवतो. आयरिस ज्याच्यावर चिडली आहे त्याचाच जीव धोक्यात येतो, आणि त्याला सोडवायला जाणार तो बॅरी, ज्याच्यावरही ती तितकीच चिडली आहे. भांडण मिटलेलं नाही, पण थांबवावं लागतं. आयरिस बॅरीच्या साथीदारांच्या प्रयोगशाळेत येऊन उभी राहते.

मग लढत. ग्रॉडचं मनावरचं आक्रमण अडवायला सिस्को या साथीदारानं बॅरीसाठी एक हेडसेट बनवलेला असतो. बॅरीचा सर्वांत जोरदार ठोसा, जो याआधी एका पोलादी माणसावर चालला होता, तो ग्रॉड हातानं अडवतो आणि त्याला रुळांवर फेकतो. हेडसेट जातो, मन ग्रॉडच्या ताब्यात, समोरून भुयारी रेल्वे येते आहे. आणि कानात आयरिसचा आवाज येतो: माझ्या आवाजावर लक्ष दे. बॅरी त्या आवाजाला धरून बाहेर येतो, गाडी ग्रॉडला धडकते, जो सुटतो.

राक्षसाचं हत्यार कोणतं? मनात घुसणं. त्यावर उतारा कोणता? जिच्यापासून वर्षभर सत्य लपवलं तिचा आवाज, आणि तो उपलब्ध आहे कारण तिला आता सत्य माहीत आहे. आयरिसला आधीच्या भागात काहीच कळलं नसतं तर बॅरी त्या रुळांवर संपला असता. गुपित उघड होणं हे प्रेमाच्या ट्रॅकमधलं वळण, पण त्याचा उपयोग राक्षसाच्या ट्रॅकमध्ये झाला आणि वाचला तो बाप. तुमच्या प्रत्येक भागाच्या क्लायमॅक्सला असा एक सांधा सापडला पाहिजे. राक्षसाची शक्ती निवडतानाच तो शोधा. नुसतं बळ असलेला राक्षस फक्त भिंती पाडतो. मन वाचणारा, आवाजाची नक्कल करणारा, खोटं बोललं की माग काढणारा राक्षस नात्यांमध्ये शिरतो.

थराराचं काम मात्र हा भाग एकटा करत नाही. त्याची पेरणी पहिल्या भागापासून आहे. तिथे फक्त एक तुटलेला पिंजरा आणि त्यावर 'ग्रॉड' ही पाटी दिसते. पाचव्या भागात पूर्वकथेत पिंजऱ्यातला गोरिला. बाराव्याच्या शेवटी गटारात उतरलेले दोन कामगार, भिंतीवर खरडलेलं नाव, आणि अंधारातून झडप. चौदाव्याच्या शेवटी जनरल आयलिंगला तो उचलतो. पूर्ण सामना एकविसाव्यात. यामागे खर्चाचं कारणही आहे: ग्रॉड पूर्णपणे संगणकावर तयार केलेला आहे, आणि टीव्हीच्या बजेटमध्ये असा प्राणी मिनिटभर दाखवणंही महाग पडतं. म्हणून गटार, वाफ, कमी उजेड. आवाज डेव्हिड सोबोलोव्ह यांचा. मालिकेतल्या किंग शार्क या दुसऱ्या राक्षसाला आवाज डेव्हिड हेटर यांचा. पडद्यावर प्राणी नसताना भीती टिकवून ठेवतो तो आवाज, तेव्हा तुमच्याकडे पैसे कमी असतील तर ते आधी आवाजावर घाला. व्हीएफएक्सची तडजोड अंधारात झाकता येते, आवाजाची झाकता येत नाही.

आठ भागांसाठी मी क्रम असा ठेवीन: पहिल्या भागात खूण, दुसऱ्यात आवाज, तिसऱ्यात बळी पडलेला माणूस, चौथ्याच्या शेवटी शरीराचा एखादा अवयव, सहाव्यात पूर्ण दर्शन आणि नायकाची हार, आठव्यात शेवटचा सामना. पाचवा आणि सातवा मुद्दाम मोकळे. तिथे राक्षस नसतो, त्यानं केलेल्या नुकसानीचे घरात उमटलेले पडसाद असतात. हे मोकळे भाग निर्मात्यांना आवडत नाहीत, तरी ते सोडू नका. भीती वाढायला वेळ लागतो आणि तो वेळ घरातच मिळतो.

दुसरं उदाहरण दुसऱ्या सीझनचा पंधरावा भाग, 'किंग शार्क', फेब्रुवारी २०१६. शार्क चौथ्या भागाच्या शेवटी क्षणभर दिसून गेलेला असतो. पंधराव्यात तो थेट वेस्ट कुटुंबाच्या घरावर येतो. घरात आयरिसचा भाऊ वॉली आहे आणि बॅरी कोण हे त्याला माहीत नाही. म्हणजे हल्ला होतोय आणि नायकाला त्याच्यासमोर शक्ती दाखवता येत नाही. राक्षस बंदरावर किंवा गोदामात आला असता तर ही अडचण आलीच नसती. जागा बदलली की थरार आणि कुटुंब एका सीनमध्ये येतात, आणि सेटसुद्धा तोच वापरता येतो.

चुकतं कुठे? माझ्या मते सगळ्यात जास्त गुपितापायी. 'तुझ्या सुरक्षेसाठी सांगितलं नाही' हे कारण चार-पाच भाग चालतं. त्यानंतर प्रेक्षक त्या मुलीच्या बाजूनं चिडायला लागतो, कारण बाकी सगळ्यांना माहीत असतं. पहिल्या सीझनमध्ये आयरिसचं तसं झालं, वीस भाग ती स्वतःच्याच घरात परकी राहिली. आठ भागांच्या मालिकेत गुपित तिसऱ्या, फार तर चौथ्या भागात फुटलं पाहिजे, आणि शक्यतो तिनं स्वतः शोधून काढलेलं असावं.

दुसरी चूक म्हणजे कबुली देऊन ती परत घेणं. पहिल्या सीझनच्या पंधराव्या भागात, 'आउट ऑफ टाइम'मध्ये, प्रचंड लाट शहरावर येते आहे, जो कैदेत आहे, बॅरी आणि आयरिस किनाऱ्यावर चुंबन घेतात, तिला तो कोण हे कळतं, आणि दुसरीकडे सिस्को मारला जातो. जबरदस्त दहा मिनिटं. मग बॅरी इतका जोरात धावतो की एक दिवस मागे जातो, आणि पुढच्या भागात यातलं काहीच घडलेलं नसतं. बॅरीला आठवतं, आयरिसला नाही. हे एकदा खपलं, कारण सिस्कोच्या मनात त्या मृत्यूची आठवण स्वप्नासारखी राहिली आणि खलनायक कोण हे शोधायला तीच कामी आली. काहीच मागे न ठेवता पुसलं असतं तर प्रेक्षकानं पुढच्या कोणत्याही चुंबनावर विश्वास ठेवला नसता.

तिसरी चूक प्रेयसीलाच सतत बळी करणं. तिसऱ्या सीझनमध्ये बॅरी भविष्यात सावितार या खलनायकाच्या हातून आयरिसचा मृत्यू बघतो आणि अर्धा सीझन ती तारीख जवळ येण्यावर चालतो. यात एक फार चांगली जागा आहे: त्या दृश्यात आयरिसच्या बोटात अंगठी नव्हती, आणि बॅरीनं मागणी घातली त्यामागे भविष्य बदलण्याचाही हेतू होता. तिला ते कळतं तेव्हा तिला लागतं. भीतीनं प्रेमाच्या सगळ्यात नाजूक जागी हात घातला, अगदी हवं तसं. पण बाकी कितीतरी भाग आयरिसचं मुख्य काम वाचवलं जाणं एवढंच उरलं. तोच तो धोका पंधरा भाग ताणला की तो बोथट होतो.

नवरा-बायकोची प्रेमकथा हवी असेल तर २०२१ साली सुरू झालेली 'सुपरमॅन अँड लोइस' बघा. तिथे जमेल का, नाही का, हा प्रश्नच नाही. लग्न झालंय, जुळे मुलगे आहेत. तिसऱ्या सीझनमध्ये लोइसला स्तनाचा कर्करोग होतो. उपचार घेताना तिची पियाशी मैत्री होते, तीही कर्करोगाची रुग्ण, आणि ती निघते खलनायक ब्रुनो मॅनहाइमची बायको. ज्याच्याशी लढायचं त्याच्या घरातही तेच दुखणं आहे. जगातली सगळी ताकद असलेला नवरा दवाखान्यात नुसता शेजारी बसून राहतो, यापेक्षा मोठा प्रेमाचा सीन मला या प्रकारात आठवत नाही.

आता तुमच्या हातातल्या वन-लाइनचं काय करायचं. एका कागदावर घरातल्या प्रत्येक जोडीसाठी एक न बोललेलं वाक्य लिहा. बाप-लेक, भाऊ-बहीण, नायक-नायिका, नायिका आणि नायकाची आई. पाच पात्रं असतील तर दहा जोड्या होतात, त्यातल्या चारच निवडा. मग प्रत्येक भागासमोर लिहा की राक्षसाच्या कृतीमुळे यातलं कोणतं वाक्य तोंडून निघतं. ज्या भागासमोर काहीच लिहिता येत नाही त्या भागाची गोष्ट बदला, नुसते संवाद सुधारून तो जमणार नाही.

त्यानंतर सीनची कार्डं करा, तीन रंगांची. चाळीस मिनिटांच्या भागाला साधारण तीस सीन धरा: राक्षसाचे चौदा-पंधरा, घराचे नऊ-दहा, प्रेमाचे पाच-सहा. यातल्या किमान आठ कार्डांवर दोन रंग आले पाहिजेत. एकाच रंगाची चार कार्डं सलग आली की तिथे भाग ढेपाळतो. राक्षस एका भागात पूर्ण स्वरूपात दीड-दोन मिनिटांपेक्षा जास्त नको, तेही दोन-तीन तुकड्यांत.

पाठलागाच्या मधोमध कॉरिडॉरमध्ये थांबून मन मोकळं करणारे सीन टाळा. राक्षस दाराशी असताना दोन माणसं तीन मिनिटं भावना बोलतात तेव्हा राक्षस खोटा ठरतो आणि भावनाही. बोलायचं ते हल्ल्याच्या आधी अर्धवट तुटू द्या आणि हल्ला संपल्यावर पूर्ण करा. मधे फक्त कृती ठेवा: कुणाचा हात आधी धरला, कुणाला मागे ढकललं, कुणाचं नाव तोंडातून निघालं. नायकानं आधी प्रेयसीचं नाव घेतलं आणि आईनं ते ऐकलं, तर पुढचा घरातला सीन तुमच्या हातात आयता आला.

एक साधी चाचणी: भागातून राक्षस काढून टाका आणि घरातलं भांडण वाचा. ते जसंच्या तसं चालत असेल तर सांधा बसलेला नाही. मग उलटं करा, नाती काढा आणि लढत वाचा. नायक तरीही त्याच पद्धतीनं जिंकत असेल तर क्लायमॅक्स पुन्हा लिहा.

आणि एडिटला भाग लांबला की पहिली कात्री स्वयंपाकघरातल्या सीनला लागते, कारण तिथे काहीच घडत नाही असं वाटतं. कात्री आधी लढतीला लावा. सात ठोशांचे चार करा, कोसळणाऱ्या भिंतीचा दुसरा अँगल काढा. घरातल्या सीनमधून कापायचंच असेल तर त्याची सुरुवात कापा, शेवट ठेवा, कारण पुढच्या हल्ल्याची वात तिथे लावलेली असते.