'ळ'ची वळणं खडबडीत का येतात?

प्रश्न : लालबागच्या आमच्या मंडळाच्या हाताने रंगवलेल्या जुन्या पाटीचा फोटो इंकस्केपमध्ये (चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ट्रेस केला, म्हणजे त्याच्या कडांवरून रेषा काढून घेतल्या. पण रेडियम (चिकटवायचा रंगीत स्टिकर-कागद) कटर मशीनवर कापून आणलं तर 'मंडळ'मधला 'ळ' खडबडीत आला. काय चुकलं?

उत्तर : आपोआप ट्रेस करताना सॉफ्टवेअर रंगाचा प्रत्येक पोपडा, प्रत्येक ओघळ अक्षराचाच भाग समजतं आणि तिथे नोड, म्हणजे रेषेला आकार देणारा बिंदू, टाकतं. नोडपाशी दिशा किंचितही मोडली की कटरचं पातं अडखळतं. कंट्रोल-एल दाबून नोड कमी होतात, पण लागोपाठ दाबलं तर परिणाम वाढत जातो आणि शिरोरेषेचे कोपरे गोल होतात. इतकी सुंदर पाटी असेल तर अक्षर पेन टूलने हातानेच गिरवा.

फोटो खालच्या लेयरवर लॉक करा. 'ळ'च्या प्रत्येक वाटोळ्याला बाहेरून चार आणि आतल्या पोकळीला चार नोड पुरतात : अगदी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. वरखालच्या नोडचे हँडल (नोडमधून निघणाऱ्या, वळण ठरवणाऱ्या दांड्या) आडवे, बाजूंचे उभे. कंट्रोल दाबून ओढले की ते सरळ राहतात. हँडलची लांबी त्रिज्येच्या साधारण ०.५५ पट ठेवा. जास्त झाली की गाल फुगतात. कोपऱ्यांवर शिफ्ट-सी दाबून नोड टोकदार करा.

मग बाहेरचे आकार आणि शिरोरेषा युनियन या कमांडने एकसंध जोडा, पोकळ्या डिफरन्स या कमांडने वजा करा. युनियन करायचं राहून गेलं तर सांध्यावरही पातं फिरतं आणि 'ळ' शिरोरेषेपासून सुटून येतो.