गिटारच्या दोन ओव्हरड्राइव्ह पेडलमधलं एक निवडायचंय, वाजवून बघताना नेमकं काय बघू?

तुम्ही लिहिलंय की ओव्हरड्राइव्ह, म्हणजे गिटारचा टोन जरा फाटका करणारं पेडल, घ्यायचंय; एकीकडे ट्यूब स्क्रीमर, दुसरीकडे 'ट्रान्सपरंट' (गिटारचा मूळ टोन फारसा न बदलणारा) म्हणून विकला जाणारा एक ओव्हरड्राइव्ह, ढीगभर व्हिडिओ बघून झालेत आणि दर वेळी वेगळंच आवडतंय. माझं पहिलं सांगणं एवढंच: आधी दोन्ही पेडलचा आवाज सारख्या पातळीवर आणा. ते होईपर्यंत कुठलंच मत पक्कं करू नका.

थोडासा वाढलेला आवाज आपल्या कानाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. हळू आवाजात खर्ज आणि अगदी वरचे सूर कानाला कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजून दाखवलं होतं. त्यामुळे जे पेडल जरा जोरात वाजतं तेच भरदार आणि मोकळं वाटतं. मी स्वतः यात फसले आहे. दुकानात एक पेडल लावलं आणि टोन एकदम उघडल्यासारखा वाटला, तिथल्या तिथे घेऊन आले. घरी नीट पाहिलं तर त्याचा लेव्हल नॉब (पेडलमधून किती जोरात आवाज बाहेर पडेल ते ठरवणारा) घड्याळाच्या दोनच्या काट्यावर होता. माझ्या जुन्या पेडलचा लेव्हल तितकाच चढवला आणि दोघांतला फरक जवळजवळ संपला. खूप वाईट वाटलं होतं.

म्हणून सगळे नॉब बारावर ठेवून तुलना करू नका. एकाचं बारा म्हणजे दुसऱ्याचं बारा नव्हे. आधी पेडल बंद असतानाचा आवाज ऐका, मग एक चालू करून त्याचा लेव्हल त्या आवाजाला जुळवा, मग दुसऱ्याचा. हे कानानेच करा. डिस्टॉर्शनमुळे (सूर फाटल्यामुळे) सुरातला जोराचा चढउतार दाबला जातो, त्यामुळे मीटरवरची टोकं सारखी दिसली तरी कानाला एक जोरात लागू शकतं. जुळलेल्या जागी नॉबशेजारी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा, म्हणजे हात लागून हलला तरी परत तिथेच आणता येतो.

लूपर, म्हणजे वाजवलेलं रेकॉर्ड करून तेच पुन्हा पुन्हा ऐकवणारं पेडल, मिळाला तर फारच उत्तम. गिटार आधी लूपरमध्ये, त्यानंतर दोन्ही पेडल. स्वच्छ टोनमध्ये तीन गोष्टी रेकॉर्ड करा: एक मोकळी कॉर्ड पूर्ण विरेपर्यंत, जाड तारांवर तळवा टेकवून थोडे ठोके, आणि वरच्या फ्रेट्सवर एकेका सुराची ओळ. मग जमिनीवर बसून नुसते नॉब फिरवत ऐका. वाजवणं दर वेळी तंतोतंत तेच असल्याने जो फरक ऐकू येईल तो पेडलचाच. कॉर्डची शेपटी विशेष लक्ष देऊन ऐका. काही पेडलमध्ये ती गुळगुळीत विरते, काहींत शेवटी फरफरत तुटते. व्हिडिओत हे सापडत नाही, कारण तिथे पुढचा रिफ लगेच सुरू होतो.

फझ, म्हणजे टोन आणखी खरखरीत फाडणारं पेडल, घ्यायचा असेल तर मात्र लूपरची युक्ती चालत नाही. 1966 च्या फझ फेससारखी सर्किट्स थेट गिटारच्या पिकअपशी (तारांची कंपनं टिपणाऱ्या भागाशी) जोडलेली असताना जशी वागतात, तशी मध्ये लूपर किंवा बफर (सिग्नल पुढे जोरकस पाठवणारं सर्किट) आला की वागत नाहीत.

हाताखाली पेडल कसं वागतं हेही लूप सांगत नाही. त्यासाठी गिटार थेट लावा आणि तिचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणा. टोन साफ होतो की नुसता बारीक आणि मळकट होतो? मला याचं उत्तर इतर कशाहीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण गाणं चालू असताना पायापेक्षा हात पटकन पोचतो.

आता तुमच्या दोन पेडलबद्दल. ट्यूब स्क्रीमरमध्ये साधारण 720 हर्ट्‌झच्या खालचे सूर कमी ताणले जातात, म्हणून मधला पट्टा पुढे येतो. घरात एकट्याने वाजवताना हे नाकात बोलल्यासारखं वाटतं, आणि तिथेच बरेच जण ते नाकारतात. पण बास आणि ड्रम्स सुरू झाले की तोच मधला पट्टा गिटारला वाट काढून देतो. भरदार खर्ज राखणारं 'ट्रान्सपरंट' पेडल उलट एकट्याने सुंदर वाटतं आणि बँडमध्ये बासच्या खाली दबू शकतं. तुम्ही बँडमध्ये वाजवत असाल तर तालमीला दोन्ही घेऊन जा, निदान बास-ड्रम्सच्या ट्रॅकवर तरी वाजवून बघा. आत कुठली चिप आहे यावर मी एक तासही घालवणार नाही.

आणि हे सगळं तुमच्याच अँपवर, तुम्ही नेहमी वाजवता त्याच आवाजात करा. दुकानातला मोठा व्हॉल्व्ह अँप तापलेला असतो. त्याला थोडा धक्का दिला की तो स्वतःच सुंदर फाटतो आणि श्रेय पेडलला जातं. परत करायची मुदत मिळत असेल तर दोन्ही घरी आणा, आवाज जुळवा, आणि कोणाला तरी तुमच्या पाठीमागे स्विच दाबायला बसवा. दहापैकी पाच-सहाच वेळा ओळखता आलं, तर गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणल्यावर जे पेडल जास्त आवडलं ते ठेवा आणि दुसरं परत करा.