साताऱ्याजवळ ऑफरोड गाडी नेऊन आकाशगंगेचे फोटो कुठे आणि कसे काढावेत?

तुम्ही लिहिलंय की नवीन फोर-बाय-फोर घेतलीय, क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा कॅमेरा आणि सोबत आलेली 18-55 मिलिमीटरची लेन्स आहे, आणि रात्री कास पठारावर गाडी चढवून आकाशगंगा टिपायची आहे. मुख्य उत्तर आधी देतो: कासवर नको. कुठल्याच सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गाडीसकट नको. गाडी वाटेवर सोडायची आणि पुढे ट्रायपॉड खांद्यावर टाकून चालत जायचं.

मी स्वतः ही चूक केलेली आहे, म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय. ऑक्टोबर अखेरची अमावास्या होती. पाऊस सरला की हवा धुतल्यासारखी असते, पण त्या दिवसांत आकाशगंगेचा मधला, सगळ्यात तेजस्वी भाग नऊ-साडेनऊलाच मावळतो. पुरता अंधार पडतो सव्वासातनंतर. म्हणजे हाताशी दोन तास. मला पोचायला उशीर झाला, आणि पाटण तालुक्यातल्या एका सड्यावर बैलगाडीची वाट सोडून मी सरळ कड्याच्या दिशेनं गाडी घातली. दोनशे फूटही गेलो नसेन, पुढचं डावं चाक जांभ्याच्या भेगेत उतरलं आणि ऑइल चेंबर दगडावर बसला. रात्र गाडीतच काढली. सकाळी खालच्या वाडीतल्या एका दादांनी ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली. पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाले, "वाट हुती की हितं. मग रानात कशापायी घातली?"

उजेडात मी काय करून ठेवलं ते दिसलं. सड्यावर जांभ्याच्या कातळावर माती असते बोटभर, कुठे दोन बोटं. तेवढ्यात सीतेची आसवं फुलतात, कीटक खाणारं दवबिंदूचं रोपटं तगतं. माझ्या टायरनं ती माती साय काढावी तशी खरवडून काढली होती, खाली लाल दगड उघडा पडला होता. पुढच्या वर्षी मुद्दाम पाहायला गेलो. सगळा सडा जांभळा-पिवळा झालेला, आणि मधोमध माझे दोन चर तसेच उघडे. कास तर 2012 पासून पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथे चाक घालायचा विचार मनातूनच काढून टाका.

आता जागा. कास साताऱ्याच्या पश्चिमेला, साधारण पंचवीस किलोमीटरवर. आकाशगंगेचा मधला भाग उगवतो आग्नेयेला. म्हणजे कासवरून पाहिलं तर शहराचा उजेड नेमका उगवतीच्या बाजूला पसरतो. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचे लाल दिवे असतात, वीस सेकंदांच्या फोटोत ते आकाशाच्या कडेला ठिपके सोडतात. म्हणून मी पूर्वेला जातो. माण तालुक्यात कुळकजाईजवळ सीतामाईचा डोंगर आहे, माणगंगा तिथून निघते. त्या बाजूच्या उघड्या माळांवर मुरमाच्या वाटा आहेत, गाडी चालवायची हौसही भागते. साताऱ्याचा उजेड पाठीमागे पश्चिमेला राहतो, आग्नेयेला दहिवडीचा थोडासा, तोही क्षितिजाला चिकटून. आणि दुष्काळी पट्टा असल्यानं हवा कोरडी, लेन्सवर दव फारसं धरत नाही.

पश्चिमेलाच जायचं असेल तर बामणोलीला गावात मुक्काम करा. कोयनेचा शिवसागर दक्षिणेकडे लांब पसरलाय, पाण्यात ताऱ्यांचं प्रतिबिंब मिळतं. पण मे महिन्यात पाणी आटलं की काठावर गाडी उतरवू नका. वरून तडे गेलेला सुका गाळ दिसतो, खाली लोणी असतं.

वेळेचं सांगतो, कारण खरा फरक तिथेच पडतो. कालनिर्णयात अमावास्या बघा आणि तिच्या आगेमागे तीन-चार दिवस धरा. मार्च अखेरीस मधला भाग रात्री साडेबाराच्या सुमारास उगवतो, एप्रिलच्या विसाव्या तारखेला अकराला, मेच्या विसाव्या तारखेला नऊला. तो वृश्चिकेची नांगी आणि धनु यांच्या मधे असतो. लालसर ज्येष्ठा तारका सापडली, तिच्याखाली मूळ नक्षत्राचा आकडीसारखा बाक सापडला, की दिशा चुकत नाही. याबाबतीत आपण भाग्यवान आहोत. लंडनहून हा भाग जेमतेम दहा अंश वर येतो, साताऱ्यातून 43 अंश. मे महिन्यात ढग आणि धुरळा वाढतो, म्हणून माझी पसंती एप्रिलला. फक्त डोंगरात वणवा पेटलेला असेल तर त्या रात्री जाऊ नका, धुरात काही येत नाही. आणि स्वतः शेकोटी अजिबात नको, वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते.

कॅमेऱ्यासाठी नवी लेन्स लगेच घेऊ नका. लेन्स 18 मिलिमीटरवर ठेवा, एफ 3.5 (छिद्र), आयएसओ 3200 (प्रकाशाची संवेदनशीलता), शटर 18 सेकंद. शटरचा हा आकडा असा येतो: 500 ला 18 (लेन्सचे मिलिमीटर) गुणिले 1.5 (क्रॉप सेन्सरचा गुणक) नं भागायचं. त्याहून जास्त ठेवलं तर पृथ्वीच्या फिरण्यानं तारे रेघोट्या होतात. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली. ऑटोफोकस बंद. स्क्रीनवर एखादा ठळक तारा मोठा करून रिंग फिरवत राहा. आधी तो फुगलेला गोळा दिसेल, मग आवळत आवळत टाचणीच्या टोकाएवढा होईल. थोडं पुढे गेलात की परत फुगेल. सगळ्यात बारीक झाला तिथे थांबा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. पहिल्या रात्री माझा अर्धा तास यातच गेला होता आणि तो सत्कारणी लागला. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा, डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झोतानं ते सगळं वाया जातं.

गाडीचं थोडक्यात. वाट दुपारी उजेडात एकदा चालवून बघा. मुरमावर टायरची हवा 24-25 पीएसआयपर्यंत उतरवा, डांबरी लागायच्या आत परत भरा, म्हणजे पंप हवा. माणमध्ये बाभळीचा काटा टायर सोडत नाही, तेव्हा स्टेपनीबरोबर पंक्चर किटही ठेवा. शक्यतो दोन गाड्या.

आणि गावात सांगितल्याशिवाय माळावर थांबू नका. रात्री अनोळखी गाडी दिसली की लोकांना चोरांची भीती वाटते, जनावरं बांधलेली असतात. संध्याकाळी पोलीस पाटलांना भेटा, काय करणार ते सांगा. मागच्या एप्रिलमध्ये असं सांगून आलो, तर रात्री एकला दोन आजोबा घोंगडी पांघरून वर आले. स्क्रीनवरचा फोटो बराच वेळ पाहत राहिले, मग त्यातल्या एकानं आकाशात बोट दाखवून मला विंचू कुठून सुरू होतो ते समजावलं.