'उगाच विचारत बसली'

पुण्याहून एका पीएचडी करणाऱ्याने लिहिलंय. अमेरिकन यादवी युद्धात भरती झालेल्या आयोवा राज्यातल्या एका शेतकऱ्याची पत्रं हा त्याचा अभ्यास, विषय घरी राहिलेल्या बायकांचे कष्ट, आणि तक्रार अशी की बायकोला त्याच्या कामात इंटरेस्टच उरला नाही, जेवताना विषय काढला की ताट घेऊन उठते. तिला परत रस कसा वाटेल, असं विचारतोय.

अरे, एक वाक्य तू कंसात टाकलंयस. 'स्कॅन केलेली पत्रं ऑफिसवरून आल्यावर तीच टाईप करून देते, परवा उगाच विचारत बसली, याच्या बायकोची पत्रं कुठायत.'

उगाच?

तो शेतकरी कॅम्पातून बायकोला विचारतो गहू विकला का, टॅक्स भरला का, कोणाचं देणं राहिलंय, आणि साध्या शिपायाचा पगार 1864च्या मध्यापर्यंत महिन्याला 13 डॉलर, तोही कितीदा महिनोन्महिने थकायचा, म्हणजे तोवर शेत, उधारी, पोरं सगळं तिनेच रेटलं. अशा बायकांची उत्तरं फारशी उरली नाहीत कारण चालत्या फौजेत शिपाई कागद किती बाळगणार, भिजली, हरवली, कित्येकांनी जाळून टाकली. शिपायांची राहिली ती घरच्यांनी जपली म्हणून. तुझा अख्खा प्रबंध त्या जपण्यावर उभा आहे रे, आणि नेमकं तिथे बोट ठेवलं ते तुझ्या बायकोने, दिवसभराची नोकरी करून आल्यावर.

1865 साली सिनसिनाटी शहरातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी लिंकनला अर्ज केला होता. फौजेच्या करड्या लोकरी शर्टांच्या शिलाईचे डझनाला कंत्राटदाराला पावणेदोन डॉलर मिळतात, आमच्या हातात तो एकच टेकवतो, तर आम्हाला सरळ सरकारकडून काम द्या. हा अर्ज तू वाचला असशीलच. मग तुझ्या घरात रात्री डोळे फोडून टाईप करणाऱ्या बाईच्या हातात काय पडतंय? तिचा प्रश्न उगाच, आणि वर तिच्याबद्दलच तक्रार. मला राग आलाय तुझा, लपवत नाही.

तिला रस लावायचं डोक्यातून काढ, तो तिला भरपूर आहे. आज रात्रीपासून उरलेली पत्रं तू टाईप करायची, एकूणएक, आणि तिच्या त्या प्रश्नावर एक स्वतंत्र प्रकरण लिहायचं, प्रश्न कोणी विचारला ते तिच्या नावासकट, आणि गाईडला पाठवायच्या आधी ते तिला वाचायला द्यायचं.