‘कळलं का?’ विचारलं की ‘हो’च येतं

प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे समोरच्याचं बोलणं त्याला परत सांगायला गेलं की ‘अहो, तेच तर म्हणालो मी!’ असं ऐकावं लागतं, म्हणून तुम्हाला ही पद्धतच खोटी वाटते, असं तुम्ही लिहिलंय. पद्धत खरी आहे. त्याचेच शब्द त्याला परत दिले, की तो वैतागणारच.

मी २८ वर्षं परिचारिका होते, शेवटची बरीच वर्षं मधुमेहाच्या ओपीडीत. तिथे ‘कळलं का?’ला उत्तर ठरलेलं: ‘हो’. आपल्याकडे ‘हो’, ‘हं’, ‘बरं’ म्हणजे नुसता हुंकार. तुम्ही बोला, मी ऐकतोय, एवढाच त्याचा अर्थ.

एक आजी अजून डोळ्यांसमोर आहेत. त्यांची इन्सुलिनची बाटली ४० युनिटवाली, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट; डोस सकाळी १० युनिट. मी सगळं समजावलं, त्यांनी मान डोलावली, पिशवी उचलली. मी म्हटलं, ‘आजी, घरी सून विचारेल, तिला कसं सांगाल? समजा, मीच तुमची सून.’ आजींनी हौसेनं पिशवीतून सिरिंज काढली. केशरी टोपणाची, शेजारणीनं दिलेली! ती १०० युनिटवाल्या इन्सुलिनची. ४०च्या बाटलीला लाल टोपणाची लागते. केशरीत १०च्या खुणेपर्यंत भरलं असतं, तर अंगात फक्त ४ युनिट गेलं असतं. आजींचं काहीच चुकलं नव्हतं. टोपणाच्या रंगाचं मीच बोलले नव्हते.

म्हणून परत सांगताना ऐकलेलं सांगू नका, त्यावर तुम्ही काय करणार ते सांगा. साहेब म्हणाले, ‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट हवा.’ तर ‘म्हणजे गुरुवारी संध्याकाळी मेल करते, मागच्या महिन्याचे आकडे धरून. चालेल?’ असं विचारा. मग ते लगेच म्हणतील, ‘नाही नाही, आकडे या महिन्याचे घ्या.’ हे ‘नाही’ मिळावं म्हणूनच तर सगळा खटाटोप.

आकडे आणि नावं मात्र जशीच्या तशी. रात्री डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं की आम्ही आधी लिहून घ्यायचो, मग वाचून दाखवायचो, ‘एक-पाच, पंधरा’ असं सुटं करून, आणि पलीकडून ‘बरोबर’ येईपर्यंत फोन ठेवायचा नाही. तिथे कुणी वैतागलं तरी वैतागू द्यावं.

आणि कुणी मनातलं दुखणं सांगत असेल, तर अख्खी हकिगत पुन्हा उगाळू नका. माझी बहीण एकदा सासरचं सांगत होती. मी एवढंच म्हटलं, ‘तुला न विचारता ठरवलं, हेच लागलंय ना?’ ती क्षणभर थांबली. ‘नाही गं. ठरवलं त्याचं नाही. सगळ्यांसमोर सांगितलं, त्याचं लागलंय.’ आणि मग ती पहिल्यांदा खरं बोलायला लागली.