मृतांचा रविवार

प्रश्न : माझा मुलगा जर्मनीत असतो. नोव्हेंबरात एका रविवारी त्याच्या शेजारच्या आजी नवऱ्याच्या कबरीवर घालायला सूचिपर्णी झाडाच्या फांद्या घेऊन निघाल्या होत्या. ‘आज टोटनझोनटाग, नाताळचे दिवे नंतर,’ असे त्या म्हणाल्या. हा तिकडचा पितृपक्ष समजावा काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : साम्य दिसते, पण मूळ कल्पना जवळजवळ उलटी आहे. टोटनझोनटाग म्हणजे ‘मृतांचा रविवार’. नाताळपूर्वीच्या आगमनकाळाने चर्चचे नवे वर्ष सुरू होते. त्याआधीचा, म्हणजे सरत्या वर्षाचा शेवटचा रविवार तो हा, आणि तो 20 ते 26 नोव्हेंबरच्या दरम्यान येतो.

कॅथलिक लोक 2 नोव्हेंबरला मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करतात. प्रोटेस्टंट पंथाचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यांनी शुद्धिस्थानाची, म्हणजे मृतांचे आत्मे स्वर्गाआधी जेथे शुद्ध होतात त्या जागेची, कल्पनाच नाकारली. जिवंतांच्या कर्मांनी मृतांची गती सुधारत नाही, असे ठरल्यावर त्या दिवसाचे प्रयोजन उरले नाही. सिद्धान्त सुटसुटीत झाला, पण घरातले माणूस गेलेल्यांनी शोक कोठे मांडावा, हा प्रश्न राहिलाच. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने 1816 च्या नोव्हेंबरात फर्मान काढून हा दिवस मृतांच्या स्मरणासाठी नेमून दिला. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत असंख्य तरुण पडले होते, आणि राजाची स्वतःची पत्नी, राणी लुईझ, 1810 मध्ये वारली होती. गंमत अशी की, आज ल्यूथरन मंडळ्या आपला मानतात तो दिवस नेमणारा राजा स्वतः प्रोटेस्टंटांच्याच दुसऱ्या, कॅल्व्हिनच्या पंथाचा होता.

उपासनेत वर्षभरात वारलेल्यांची नावे एकेक करून वाचली जातात आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्येक नावाला एक मेणबत्ती लावतात. मृतांना काहीही अर्पण केले जात नाही. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बोलतात ते मागे राहिलेल्यांशी. याच दिवसाला ‘अनंतकाळाचा रविवार’ असेही नाव असून अनेक पाळकांना तेच अधिक पसंत आहे, कारण त्यात भर मृत्यूवर नसून पुनरुत्थानाच्या आशेवर आहे. बायबलातील मत्तयाच्या शुभवर्तमानातला, वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींचा दाखला त्या दिवशी वाचतात. त्याच दाखल्यावरचे ‘जागे व्हा’ अशी हाक देणारे गीत पाळक फिलिप निकोलाई यांनी उना या जर्मन गावात प्लेगचे थैमान चालू असताना रचले. ते 1599 मध्ये छापले गेले.

आजींच्या दिव्यांचे म्हणाल, तर तो शिरस्ता आहे : नाताळचे बाजार साधारणपणे हा रविवार उलटल्यावरच भरतात, आणि अनेक राज्यांत त्या दिवशी सार्वजनिक नाचगाण्यावर कायद्यानेच बंधन असते.